नोलाच्या अंगठ्याखालची अक्षरं

दक्षिण ऑस्ट्रेलियात पेनोलाहून माउंट गँबियरला जाणारा रस्ता सरळ आहे. कुंपणं सरळ, पाइनच्या झाडांच्या रांगा सरळ, माणसंही बरीचशी सरळच. वाकडं झालं होतं ते नोला ट्रेगेन्झाच्या डोळ्यांत. गेल्या हिवाळ्यात तिला कुंपणाच्या तारा पाण्यात पडल्यासारख्या हलताना दिसायला लागल्या, आणि यंदा तर बघावं तिथे मधोमध एक राखाडी डाग येऊन बसला. कडेचं सगळं दिसायचं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही.

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडेही गेली नव्हती, कारण डॉक्टर काय सांगणार ते तिला पाठ होतं. तिच्या आईचे डोळे असेच गेले होते. डॉक्टर म्हणणार, गाडी बंद. नोलाचं घर गावाबाहेर, मातीच्या रस्त्याच्या पार टोकाला. तिथे बस नाही, शेजार नाही, नवरा क्लेम जाऊनही बरीच वर्षं झालेली. गाडी बंद म्हणजे घर बंद. मग पर्थचा मुलगा डॅरिल, जो दर आठवड्याला फोनवर वृद्धाश्रमाचं नाव हळूच काढून बघतो, तो विमानाने येऊन आईची बॅग भरणार. नोलाने स्वतःच्या आईची अशीच बॅग भरली होती. आईने तेव्हा एवढंच विचारलं होतं, "कोंबड्यांचं काय?" तो प्रश्न नोलाच्या छातीत अजून रुतलेला होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची. नोलाने मूठ झाकून ठेवली, आणि त्या मुठीत गाडीची किल्ली होती.

आमच्याकडे हिवाळ्यात दोनच खेळ चालतात, फुटबॉल आणि अक्षरांच्या सोंगट्यांतून पटावर इंग्रजी शब्द जुळवायचा स्क्रॅबल. त्यातल्या फुटबॉलमध्ये भांडणं कमी होतात. जूनमधल्या एका रविवारी माउंट गँबियरच्या, हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्यांच्या बोल्स क्लबात आसपासच्या गावांची स्क्रॅबल स्पर्धा असते. बक्षीस म्हणजे पोचे पडलेली एक चांदीच्या मुलाम्याची चहाची किटली. तिच्या पोटावर जिंकणाऱ्याचं नाव कोरतात, आणि त्या किटलीपायी चांगल्या घरच्या बायका एकमेकींशी वर्षभर अबोला धरतात. किटलीवर नोलाचं नाव इतक्यांदा आहे की कोरणाऱ्याने तिला एकदा विचारलं होतं, मोठ्या अक्षरात एकदाच टाकू का?

त्या रविवारी गाडीत नेहमीचीच तिघं होती. चालवायला नोला. शेजारी ग्लेनिस फिट्झनर, तिची जन्माची मैत्रीण. ग्लेनिसकडे स्वतःची गाडी आहे, परवाना आहे, पण लाकडाचे ओंडके वाहणारे ते लांबलचक ट्रक समोरून आले की तिचा धीर सुटतो. म्हणून ती नोलाच्या शेजारी बसते आणि ट्रक आला की डोळे गच्च मिटून घेते. मागच्या सीटवर म्हातारा मर्व. हा जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरत आला. पाठ वाकली, पण जिभेची धार गेली नाही.

गाडीतला त्यांचा खेळ ठरलेला होता. पुढच्या गाडीच्या पाटीवरची तीन अक्षरं वाचायची, आणि ती त्याच क्रमाने ज्यात येतात असा शब्द शोधायचा. नियम एकच, अक्षरं गाडी चालवणाऱ्याने वाचायची. नियम नोलाचाच. आईचे डोळे गेल्यावर नोला तिला फिरवायला न्यायची, पाट्या वाचून दाखवायची, आणि आई शेजारी बसून शब्द शोधायची. ग्लेनिस तेव्हा मागे बसून दोघींकडून हरायची.

"काय गं नोला, आज मुकी झालीस का?" मर्व मागून म्हणाला. "पुढे एवढी गाडी चाललीय. वाच की."

"आज तू वाच. मला उन्हाची तिरीप येतेय."

"ऊन?" ग्लेनिसने वाकून आभाळाकडे पाहिलं. आभाळ मेंढीच्या पाठीसारखं करडं होतं. "कुठलं गं ऊन?"

"वाच रे मर्व."

"बी, एल, डी."

"बाल्ड!" ग्लेनिस ओरडली. "मर्वच्या टकलामुळे लगेच सुचलं बघ."

"तुझ्या डोक्यावरून मला ब्लँक सुचलं होतं, पण मेलं त्यात डी नाही," मर्व म्हणाला. "ब्लड घ्या माझा."

नोलाला सगळ्यांच्या आधी सुचला होता तो शब्द होता ब्लाइंड. तो तिने गिळला. "बिल्ड," ती म्हणाली, आणि रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर नजरेचा कोपरा रोवून चालवत राहिली.

"नोला! माणूस!"

मर्व असा किंचाळला की तिचा पाय आपोआप ब्रेकवर पडला. गाडी करकचून थांबली, ग्लेनिसच्या मांडीवरचा केकचा डबा पायाशी आदळला. रस्त्याचं काम चाललं होतं, आणि 'थांबा'ची पाटी धरलेला एक माणूस गाडीच्या नाकापासून हातभर अंतरावर उभा होता. नोलाला आता त्याचे बूट दिसले, पाटीची लाल कड दिसली. मधला अख्खा माणूस त्या डागाने गिळला होता. तो शिव्या देत होता, त्या मात्र स्वच्छ ऐकू आल्या.

"मला दिसला होता तो," नोला म्हणाली.

"मग काय मिठी मारायला निघाली होतीस त्याला?"

"ब्रेक जरा जड झालेत, मर्व. गॅरेजला दाखवायचेत."

"माझे तर डोळेच मिटलेले होते बाई," ग्लेनिस डबा उचलत हसली. "समोरून ट्रक येत होता ना."

नोलाही हसली. तिने स्टिअरिंग अधिकच घट्ट धरलं. आज परत पोचलो की हायवे बंद, तिने मनाशी ठरवलं, मग फक्त गावापुरती चालवायची. असं तिने मे महिन्यातही ठरवलं होतं.

बोल्स क्लबात चहाचा बंब खदखदत होता, अंड्याची सँडविचं रुमालाखाली झाकून ठेवली होती, आणि दाराशी रोझलिनबाई उभ्या होत्या. या निवृत्त मास्तरीणबाई स्पर्धेच्या पंच. त्यांच्यासमोर साठीची माणसंही शर्ट खोचून घेतात.

इथे, माणसांत, नोलाला रस्त्यावरची भीती नव्हती. इथे तिची विद्या होती. क्यूच्या शेजारी यू नसलेले शब्द तिला सोयऱ्यांच्या नावांसारखे पाठ. एकही स्वर नसलेले शब्द ती कोंबड्यांना दाणे टाकताना मंत्रासारखे म्हणायची. तरुणपणी ती लोकर निवडायच्या टेबलावर काम करायची. लोकर पसरली की आधी कडेची मळकी लोकर तोडून बाजूला टाकायची, मग मधला चांगला माल हाताला लागतो. अक्षरांचंही ती तसंच करायची. शब्दाच्या शेपटाला लागणारी अक्षरं आधी वेगळी काढायची, उरलेली मनात घोळवायची. कुठल्याही सात अक्षरांतून तिला शब्द सापडायचा. फक्त ती सात कुठली, हे कळायला हवं.

ते तिला अंगठा सांगायचा. स्पर्धेतले संच जुने, लाकडी. सोंगट्यांवर अक्षरं कोरलेली. पिशवीतून सोंगटी बाहेर आली की पट्टीवर ठेवता ठेवता नोलाचा अंगठा तिच्यावरून फिरे, आणि अक्षर कळे. लोकरीचा केस बारीक की जाड हे ज्या बोटांनी ओळखलं, त्यांना एवढं काय अवघड? आणि पटावर समोरचा काय मांडतो तेही तिला ऐकूच येई. शब्द मांडताना तो मोठ्याने म्हणायचा, अशी आमच्या गावांची रीत आहे. शहरातले लोक त्याला हसतात. नोला अख्खा पट डोक्यात ठेवायची. बाकीचे कागदावर अक्षरांच्या खुणा करत बसत. तिच्यापुढे कागदच नसे. लोकांना वाटे, म्हातारी मिजास दाखवतेय.

दुपारनंतर शेवटचा डाव आला, आणि समोर बसली ग्लेनिस. किटलीवर ग्लेनिसचं नाव एकदाही नाही. दर वर्षी ती नोलासाठी टाळ्या वाजवते, आणि घरी जाऊन काय करते ते तिचं तिला माहीत.

डाव रंगला. नोलाने पिशवी नियमाप्रमाणे डोक्याच्या वर धरली, मान फिरवली, हात घातला. हाताला आली कोरी सोंगटी. जिच्यावर काहीच नसतं आणि जी कुठलंही अक्षर होऊ शकते, ती ही. थोड्या वेळाने दुसरी कोरीही तिलाच आली. मग एकामागून एक दोन एस, कुठल्याही शब्दाच्या शेपटाला लागणारे. ग्लेनिसच्या वाट्याला नुसते स्वर. ती ओठ चावत बघत होती. आणि बघता बघता तिला तो अंगठा दिसला. पिशवीच्या तोंडाशीच, सोंगटी बाहेर येते न येते तोच, तिच्यावरून फिरणारा.

ग्लेनिसने घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. "पंच."

सभागृहातल्या सगळ्या माना वळल्या. स्क्रॅबलवाल्यांत पिशवीत चाचपणं यापेक्षा मोठं पाप नाही. कोरी सोंगटी बोटांना गुळगुळीत लागते, म्हणून चोर तीच शोधतात.

"काय झालं?" रोझलिनबाई आल्या.

"ही चाचपते." ग्लेनिसचा आवाज चिरकला. "पिशवीत अक्षरं चाचपते ही. दोन्ही कोऱ्या हिलाच कशा आल्या?"

"नोला?"

"पिशवीत नाही चाचपत मी," नोला म्हणाली.

"मग अंगठा कशाला फिरवतेस?"

यावर उत्तर होतं, एका वाक्याचं. ते दिलं की नाव वाचत होतं आणि घर जात होतं. नोलाने अंगठा मुठीत लपवला.

"नव्या सोंगट्या आणते," रोझलिनबाई म्हणाल्या. "पटावरचं राहू द्या. हातातल्या आणि पिशवीतल्या बदलू, सात-सात नव्याने काढा. छापील अक्षरांच्या आहेत, गुळगुळीत. म्हणजे कुणाला शंका नको." चार जणांत पत राखायची त्यांची ही पद्धत होती, त्या दुष्ट नव्हत्या.

सोंगट्या बदलल्या. घड्याळ सुरू झालं. ग्लेनिसने आपला शब्द मांडला, आणि रागाने तोंडातून ब्र काढला नाही. नोलापुढे गुळगुळीत सात सोंगट्या. अंगठा फिरवून उपयोग नाही. पटावर काय पडलं ते माहीत नाही. तिने मान तिरकी केली, कोंबडी दाण्याकडे बघते तशी, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून एक अक्षर पकडायचा प्रयत्न केला. ई असेल, किंवा एफ. सगळ्या टेबलांवरची माणसं आपल्याकडे बघताहेत हे मात्र तिला न बघता कळत होतं. घड्याळाची टिकटिक चालू होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोर आणि संन्यासी एकाच खुर्चीत बसले होते.

डाव सोडायचा, नोलाने ठरवलं. डोकं दुखतंय म्हणायचं आणि उठायचं. चोर म्हणतील, म्हणू देत. चोराला गाडी चालवता येते.

"माझं डोकं दुखतंय," ती म्हणाली. "सोडते मी डाव. किटली घे तू, ग्लेनिस."

"नको मला तुझी किटली!" ग्लेनिस ताडकन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "भीक घालतेस होय? अगं, एवढी वर्षं मी त्या रस्त्यावर डोळे मिटून तुझ्या शेजारी बसलेय. ट्रक आला की डोळे मिटायचे, का तर गाडी नोलाच्या हातात आहे, नोला मला फसवायची नाही. आणि तू मला एका पिशवीत फसवतेस?"

नोलाला सकाळचे ते बूट दिसले. नुसते बूट, आणि वर राखाडी डाग. ग्लेनिसने दगड भलत्या ठिकाणी मारला होता आणि तो लागला मात्र नेमका. उठायला म्हणून टेकलेला हात नोलाने टेबलावरून काढला. ती परत बसली. खिशातून किल्ली काढून तिने पटावर ठेवली, बरोबर मधोमध.

"पिशवीत मी कधी लबाडी केली नाही, ग्लेनिस. रस्त्यावर केली."

"म्हणजे?"

"मला दिसत नाही. मधलं काहीच दिसत नाही. अंगठ्यानं वाचते मी."

ग्लेनिस तिच्या तिरक्या मानेकडे बघत राहिली. "आईसारखं?"

"आईसारखंच."

"आणि सकाळचा तो माणूस..."

"मर्व ओरडला म्हणून वाचला."

मर्व भिंतीशी कपबशी धरून उभा होता. त्याने ती खिडकीत ठेवून दिली आणि खुर्ची शोधली. ग्लेनिसने टेबलावर असा हात मारला की सोंगट्या उडाल्या.

"मेलो असतो आम्ही! मी डोळे मिटून मेले असते तुझ्या शेजारी. आणि तो, त्याला पोरंबाळं असतील! सांगायला काय जीभ झडली होती तुझी?"

"घर गेलं असतं."

"मरू दे घर!"

"हो," नोला म्हणाली. तिने एकही सबब सांगितली नाही. तिला शरम वाटत होती, आयुष्यात वाटली नव्हती इतकी, आणि त्या शरमेखाली छातीवरचं काहीतरी सैल होत होतं, त्याचीही तिला शरम वाटली.

रोझलिनबाईंनी हलकेच विचारलं, "डाव थांबवू या का?"

"का म्हणून?" ग्लेनिसने नाक पुसलं. "लाकडी सोंगट्या परत आणा. हिच्याकडून मी आजवर सरळ हरत आलेय, आज सरळच जिंकणार." मग तिने उडालेल्या सोंगट्या जागच्या जागी लावल्या, आणि पटावरचा एकेक शब्द वरून खालपर्यंत मोठ्याने वाचला. शाळेत हजेरी घेतात तशा खणखणीत आणि रागीट आवाजात. प्रत्येक शब्द कुठल्या ओळीत, कुठल्या घरात, तेही सांगितलं. किल्ली मात्र तिने आधीच उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकली होती.

जिंकली ग्लेनिसच. नोलाने तिला मुद्दाम जिंकू दिलं नाही. तसं केलं असतं तर ग्लेनिसने किटली तिच्या डोक्यात घातली असती. नोला पूर्ण ताकदीने खेळली आणि थोडक्यात हरली. टाळ्या झाल्या. ग्लेनिस हसली नाही.

परत येताना गाडी ग्लेनिसने चालवली. बैलगाडीच्या चालीने. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. मर्व मागे किटली मांडीवर घेऊन बसला होता. ग्लेनिस क्लबातून निघाल्यापासून नोलाशी एक अक्षर बोलली नव्हती. समोरून ओंडक्यांचा ट्रक आला, धडधडत, वारा घेऊन. ग्लेनिसच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली, पण डोळे तिने उघडे ठेवले. ट्रक गेल्यावर तिच्या कपाळावरून घाम ओघळला. नोलाने रुमाल पुढे केला. तिने तो घेतला नाही.

रस्त्याच्या कामापाशी 'थांबा'ची पाटी होती. ग्लेनिसने गाडी पार लांबच उभी केली.

"तांबडी दाढी आहे त्याला," ती समोर बघतच म्हणाली. "पंचविशीतला असेल. नाक लाल झालंय थंडीनं."

नोलाने काच खाली केली आणि पाटीच्या लाल कडेच्या दिशेने तोंड केलं. "सकाळी चूक माझी होती रे बाबा. शिव्या बरोबर दिल्यास."

"आता कोण चालवतंय, आजी?" तो ओरडला.

"ही."

"मग ठीक आहे. पण हिला म्हणावं, थोडी पुढे तरी या. मी चावत नाही."

मर्व फसकन हसला. ग्लेनिसने गाडी हातभर पुढे घेतली. पाटी फिरली, रस्ता सुटला, पाइनच्या रांगा पुन्हा सुरू झाल्या. नोला मांडीवर हात ठेवून बसली होती. तिची आई जिथे बसायची, त्याच जागी. उद्या सकाळी डॅरिलला आपणच फोन करायचा, आणि कोंबड्यांचं काय ते आधी बोलायचं, हे तिने ठरवलं. तिला रडू येत होतं.

"सकाळचा माझा एक शब्द राहिलाय," ती म्हणाली. "बी, एल, डी. ब्लाइंड."

ग्लेनिसने गिअर बदलला.

"उशीर केलास," ती म्हणाली. "त्याचा गुण मिळणार नाही."

"नको देऊस."

हॉर्न वाजवत एक गाडी त्यांना ओलांडून पुढे गेली. ग्लेनिसने तिला एक कचकचीत शिवी हासडली, मग घसा खाकरला आणि पाटी वाचली.

"एम, टी, आर. मर्व, तू गप्प बस. आधी तिला शोधू दे."